काकूंनी स्वतः विचारलं

इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव दातवाली काकू पाडलं होतं आणि पुढं मोठी माणसंही तेच म्हणू लागली. काकू एका वर्कशॉपमध्ये कवळ्या घासायचं काम करत. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे तिथं यायचे. कुणी त्यावर मेण चढवायचं, कुणी त्या मेणात दात ओळीनं बसवायचं, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी हिरडी भरली जायची आणि सगळ्यात शेवटी ती कवळी काकूंच्या टेबलावर यायची. तिच्या कडा घासायच्या, जिभेला टोचेल असा एक कणही ठेवायचा नाही, मग फिरत्या कापडी चाकावर दगडाची ओली पूड लावून चमक आणायची. एकोणीस वर्षं हेच काम. एकोणीस वर्षांत किती अनोळखी माणसं काकूंच्या हातच्या दातांनी हसली असतील, त्याला गणती नाही. त्यातलं एकही हसू काकूंनी पाहिलेलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर साचे ओतणारी एक बाई बसायची. तिला सगळे साचेवाली म्हणत. काकूंहून वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. ती म्हणायची की ही काकू दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत असते आणि घरी गेली की हिची स्वतःची दातखीळ बसते. सगळे हसायचे, काकूही हसायच्या. खोटं नव्हतं ते.

काकूंचे यजमान लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. उंच, किडकिडीत, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ग्रीस बसलेलं, आणि स्वभावानं इतके सरळ की त्यांच्या कंपनीतले लोक त्यांच्याशी बोलतानाही जपून बोलत. देवावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती नुसती तोंडापुरती नव्हती. रोज पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, ते स्वयंपाकघरात खिडकीपाशी स्टूल ओढून बसत, डोळे मिटत आणि देवाला विचारत. काय विचारत ते त्यांनी कधी सांगितलं नाही. उत्तर मात्र सांगत. चहाचा कप हातात घेऊन शांतपणे म्हणत, "आज सांगणं झालं." मग जे सांगणं झालं असेल ते घरात व्हायचं.

एकदा एका जुन्या इमारतीच्या लिफ्टचा तपासणीचा कागद त्यांच्यापुढं आला. दोर घासलेले होते, तरी ठीक आहेत म्हणून सही करा असं वरून सांगण्यात आलं. त्यांनी पहाटे विचारलं आणि सही केली नाही. महिन्याभरात त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि अख्खं बिऱ्हाड तिकडं हललं. काकूंचं वर्कशॉप आधी दोन गल्ल्यांवर होतं, ते आता पाऊण तासावर गेलं. काकूंनी कुरकुर केली नाही. त्या घासलेल्या दोरांवर कुणाची तरी पोरं वरखाली करणार होती, हे त्यांनाही दिसत होतं. नवरा बरोबर होता. तो बहुतेक वेळा बरोबरच असायचा, आणि खरी अडचण हीच होती. चुकणाऱ्या नवऱ्याशी भांडता तरी येतं.

लग्नाच्या वेळी काकूंच्या आईनं त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. हा मुलगा देवाचं ऐकणारा आहे, तू त्याचं ऐकत जा, म्हणजे तुझंही पोचतं. काकूंनी ते मनावर घेतलं. देव म्हणजे एखाद्या कचेरीतले आतल्या खोलीतले साहेब आणि आपला नवरा बाहेरच्या खिडकीवर बसलेला, असं चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खिडकीवर ओळखीचं माणूस असल्यावर आत कशाला जायचं? संध्याकाळी सातला घरातली तिघं एकत्र प्रार्थनेला बसत तेव्हा काकू डोळे मिटून घेत आणि उद्या भाजी कुठली करायची ते ठरवत. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. प्रार्थना करणारे करत होतेच.

तिसरी म्हणजे लेक. अठराची झालेली, बापासारखी उंच आणि साचेवालीसारखी बोलकी. तिला मोजमापाचं वेड होतं. लहानपणी ती बापाची मोजपट्टी घेऊन जिन्याच्या पायऱ्या मोजायची. मोठेपणी तिनं अख्ख्या घराचा नकाशा काढला, भिंतींच्या जाडीसकट, आणि घरमालक सांगतो त्याहून घर दीड हात लहान आहे हे सिद्ध करून दाखवलं. दोघी मायलेकी भांडी घासताना दबक्या आवाजात खिदळायच्या. बाप बाहेरच्या खोलीतून विचारायचा काय झालं, आणि दोघी एका सुरात म्हणायच्या, काही नाही.

अशा घरात वस्ताद आले.

वस्ताद म्हणजे काकूंच्या यजमानांचे, सगळे ज्यांना लिफ्टवाले म्हणत त्यांचे, गुरू. विशीत असताना लिफ्टवाले त्यांच्या हाताखाली काम शिकले. शिकवताना वस्ताद पान्हा फेकून मारत, पण काही राखून न ठेवता शिकवलं. लग्न केलं नाही, कुणाशी पटलं नाही, भावाशी कोर्टात गेले. सत्तरीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. लिफ्टवाले एका दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करायला गेले असताना वॉर्डच्या दारातून त्यांना वस्ताद दिसले. दोन महिने तिथं पडून होते, घेऊन जायला कुणी नव्हतं आणि दवाखान्याला खाट हवी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे लिफ्टवाले स्टुलावर बराच वेळ बसले. चहाचा कप घेताना त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की काकूंना वाटलं बढती मिळाली. ते म्हणाले, "सांगणं झालं. वस्तादांना घरी आणायचं."

काकूंनी हो म्हटलं. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती, आणि वॉर्डात पडलेल्या माणसाला नको तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? लेकीची खोली वस्तादांना दिली. लेक आपलं अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत आली. तिनंच दाराची रुंदी मोजली आणि चाकाची खुर्ची आत वळणार नाही हे सांगून खाटेची जागा बदलायला लावली.

मग सुरू झाला तो दिनक्रम. सकाळी पाचला वस्तादांना कूस बदलून द्यायची, भांडं द्यायचं, चादर ओली असेल तर काढायची, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, मऊ शिजवलेलं चमच्यानं भरवायचं. त्यातलं निम्मं वस्ताद थुंकून टाकत. मग काकू धावतपळत कामाला. दुपारी कॉलेजातून लेक येऊन बघायची. संध्याकाळी पुन्हा सगळं तेच. लिफ्टवाले कामावरून आले की हातपाय धुऊन वस्तादांजवळ बसत, त्यांना जुन्या लिफ्टांच्या गोष्टी सांगत, त्यांचा डावा हात हातात धरत. वस्तादांचे डोळे भरून येत. लिफ्टवाल्यांचेही. तेवढ्यात काकू चादरींची बादली उचलून मोरीकडं जात.

शेजारीपाजारी लिफ्टवाल्यांचं कौतुक करत. आजच्या जमान्यात असा माणूस सापडायचा नाही, म्हणत. काकूही मान डोलवत.

वस्ताद काकूंशी वाईट वागत, असं पूर्ण म्हणता येणार नाही. लाज वाटत असावी. परक्या बाईनं अंग पुसायचं हे त्यांना सोसत नव्हतं, आणि न सोसलेलं ते रागानं बाहेर काढत. डाव्या हातानं चमचा उडवत. शिव्या देत, पण दवाखान्यात त्यांची कवळी हरवली होती आणि जीभही लुळी, त्यामुळं शिवीचा नुसता फसफस आवाज यायचा. एकदा काकूंना हसू आवरलं नाही. वस्तादांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी हतबलता होती की काकूंचं हसू घशातच राहिलं.

त्या आठवड्यात त्यांनी वर्कशॉपच्या मालकांना गाठलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मालकांकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मालक आधी घाबरलेच. काकूंनी सांगितलं की घरी एक माणूस आहे, त्याला कवळी करायची आहे, सुट्टीच्या दिवशी येऊन मी बसेन. मालकांनी ओळखीच्या दंतवैद्याला घरी धाडलं. त्यानं वस्तादांच्या तोंडाचा ठसा घेतला. त्या भानगडीत वस्ताद त्याचं बोट नुसत्या हिरड्यांनी चावले, ते चांगलंच लागलं. साचा साचेवालीनं ओतला. एका बाजूचं तोंड खाली ओघळलेलं, तेव्हा त्या बाजूची कडा किती जाड ठेवायची यावर दोघी बायका तासभर वाद घालत बसल्या. घासकाम काकूंनी केलं. दोनदा घरी नेऊन बसवून बघितली, दोनदा परत आणून घासली.

तिसऱ्या खेपेला कवळी बसली. काकूंनी चमच्यात भाजी घेऊन वस्तादांपुढं धरली. वस्तादांनी हळूहळू चावली, गिळली, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून एक अख्खा शब्द बाहेर पडला.

"मीठ," वस्ताद म्हणाले.

भाजीत मीठ कमी होतं. काकू आणि लेक मोरीत जाऊन पोट धरधरून हसल्या.

ही कवळी करायला काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे कुणी काही विचारलं नव्हतं. पण त्यांच्या हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

वस्ताद येऊन चौदा महिने झाले आणि लेकीचं पत्र आलं. जमिनीची मोजणी शिकवणाऱ्या एका संस्थेत तिनं गुपचूप अर्ज केला होता. दोन वर्षांचं शिक्षण, सहा तासांच्या अंतरावरचं गाव, राहायची सोय तिथंच. मुलींसाठी ठेवलेल्या मोजक्या जागांपैकी एक तिला मिळाली होती. पत्रासोबत एक कागद होता. त्यावर पालकाची सही घेऊन शुक्रवारी पाचच्या आत इथल्याच एका कचेरीत द्यायचा होता. लेक घरभर नाचली. वस्तादांच्या खोलीत जाऊन त्यांनाही तिनं कागद दाखवला.

लिफ्टवाले रागावले नाहीत. त्यांनी कागद नीट वाचला आणि विचारून सांगतो म्हणाले. मंगळवारी संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर त्यांनी सांगितलं की सांगणं झालंय: ही वेळ घर सोडून जायची नाही. वस्ताद आहेत तोवर तिची जागा इथं आहे. शिक्षण कुठं पळून जात नाही. लेकीनं एकदा आईकडं बघितलं. काकू चटईची घडी घालत होत्या. लेक उठली आणि बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली. त्या दिवशी भांडी काकूंनी एकटीनंच घासली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये काकूंनी ही गोष्ट साचेवालीच्या कानावर घातली. साचेवालीनं कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "इथं पालक लिहिलंय. बाप नाही लिहिलेलं. तू कोण आहेस तिची? कर सही आणि मोकळी हो."

गोष्ट बरोबर होती. पेनही टेबलावरच होतं. काकूंनी दिवसभरात तो कागद तीनदा पिशवीतून काढला आणि तीनदा आत ठेवला. नवऱ्याची भीती वाटत होती म्हणून नव्हे; त्यांनी आयुष्यात काकूंवर आवाज चढवला नव्हता. भीती दुसरीच होती. खरोखरच देवानं नको म्हटलं असेल तर? नवऱ्याच्या नकळत सही करता येते, पण आतल्या खोलीतल्या साहेबांच्या नकळत कशी करायची? आणि तिथपर्यंत विचार आल्यावर काकूंना पहिल्यांदाच असं वाटलं की आपण आत जाऊन कधी विचारलेलंच नाही.

त्या संध्याकाळी लिफ्टवाले मोरीपाशी बसून साबणानं बोटं घासत होते. काकूंनी टॉवेल हातात घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं. पहाटे जे तुम्हाला सांगणं होतं, ते देवाचं आहे की आपल्याच मनाचं, हे ओळखायचं कसं?

लिफ्टवाल्यांनी बोटं घासायचं थांबवलं. एवढ्या वर्षांत असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते विचार करून म्हणाले, "माझी एक खूण आहे. जे मला स्वतःला नको असतं आणि तरी आतून येत राहतं, ते बहुतेक त्याचं असतं. त्या लिफ्टच्या कागदावर सही न करणं मला नको होतं. नोकरीची भीती होती. तरी आलं."

काकूंनी टॉवेल दिला आणि गॅसकडं वळल्या.

गुरुवारी पहाटे त्या नवऱ्याच्या आधी उठल्या. वस्तादांची कूस बदलली. मग स्वयंपाकघरात येऊन स्टूल खिडकीपाशी ओढलं आणि बसल्या. सुरुवात कशी करायची तेच कळेना. संध्याकाळची प्रार्थना पाठ होती, पण ती तिघांची होती. मनाशीच म्हणाल्या, मी आलेय. मला विचारायचंय. पोरीचं काय करू?

मग बराच वेळ काहीच नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. दूध कमी आहे, लवकर आणायला हवं. डाव्या गुडघ्यात कळ येत होती. आपल्याला हे जमायचं नाही, हे ज्याचं त्यानंच करावं, असं वाटून त्या उठणारच होत्या. तेवढ्यात लेक गेल्यावरचं घर त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. दुपारी वस्तादांना कोण बघणार? चादरीचं दुसरं टोक कोण धरणार? भांडी घासताना कुणाशी बोलायचं? बघता बघता काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मंगळवारच्या बोलण्यावर त्या मनातून रागावल्या होत्या असंही नाही. उलट लेक राहणार म्हटल्यावर आत कुठंतरी त्यांना हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची त्यांना आता लाज वाटली. पोर जायला नको होती. ती जायला त्यांनाच नको होती. आणि तरीही रडता रडता एकच गोष्ट त्यांच्यासमोर स्वच्छ उभी राहिली, ती काही केल्या हटेना. तिला जाऊ दे.

आवाज वगैरे काही नव्हता. पण त्याला दुसरं काय म्हणायचं, ते काकूंना आजही सांगता येत नाही.

लिफ्टवाले नेहमीच्या वेळी आले आणि दारातच थबकले. त्यांच्या जागी बायको बसलेली बघून त्यांना काय करावं ते सुचेना. ते हात मागं बांधून उभे राहिले.

"बरं नाहीये का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. मी विचारलं."

"काय विचारलं?"

"पोरीचं. तिला जाऊ द्यायचंय, असं आलं."

लिफ्टवाल्यांनी भिंतीला हात टेकला. ते हळूच म्हणाले की आईचं मन आहे, मुलीचं दुःख बघवत नाही, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. हे ते तिला खोटं पाडायला बोलत नव्हते, मनापासून बोलत होते.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "मला ती जायला नकोय. ती गेली तर मी मरेन इथं. म्हणून तर म्हणते, हे माझं नाही. तुमचीच खूण आहे ना?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. पुढचं विचारायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण आता तोंड उघडलंच होतं.

"वस्तादांना आणायचं आलं, तेव्हा तुम्हाला ते नको होतं?"

बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. लिफ्टवाले खरं बोलणारे होते, आणि खरं बोलायला त्यांना वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "मला बरं वाटलं होतं. हलकं वाटलं होतं."

"मला नको होतं," काकू म्हणाल्या आणि बादली नळाखाली लावायला उठल्या.

त्या दिवशी लिफ्टवाले चहा न घेता कामावर गेले. काकूंचा दिवस कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. चाकावर धरलेली कवळी हातातून निसटली, उडून भिंतीवर आपटली आणि पुढचे दोन दात तुटले. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. साचेवालीनं मालक यायच्या आत तुकडे गोळा केले. काकूंना राहून राहून वाटत होतं की आपण भलतंच धाडस केलं. त्या साध्यासुध्या माणसाचा एकच आधार होता, तोच आपण हलवला. संध्याकाळी प्रार्थना झाली, पण लिफ्टवाल्यांचा आवाज मधेच बसला आणि उरलेली लेकीनं पूर्ण केली.

शुक्रवारी पहाटे ते स्टुलावर बसले. पाणी येऊन गेलं तरी उठले नाहीत. काकूंनी आवाज न करता वस्तादांचं आटोपलं, चहा ठेवला. मग ते उठले आणि म्हणाले, "आज मला काहीच सांगणं झालं नाही. काल नाही, आज नाही. पण तुला झालंय ना? मग पुरे." त्यांनी काकूंकडून कागद मागून घेतला, लेकीला हाक मारली आणि सही केली. लेक आधी बापाकडं बघत राहिली, मग आईकडं. तिला काय झालं ते कळलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. कागद घेऊन ती अनवाणीच जिना उतरली. चप्पल घ्यायला परत वर यावं लागलं.

लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला काकू उठून बघतात तो वस्तादांच्या खोलीत दिवा. लिफ्टवाले बाह्या वर करून उभे. त्यांनी कंपनीत सांगून दुपारपासूनची पाळी मागून घेतली होती. सकाळचं सगळं आता मी बघणार, म्हणाले. काकूंनी दाखवायला हात पुढं केला तर म्हणाले, राहू दे, मला जमेल.

काही जमलं नाही. त्यांनी वस्तादांना यंत्राचा भाग सरकवल्यासारखं एका झटक्यात वळवलं आणि वस्ताद ओरडले. चादर काढताना ओली बाजू स्वतःच्या अंगावर आली. बादली लवंडली. पावडर पाठीऐवजी उशीवर पडली. भरवताना वस्तादांनी दोनदा चमचा उडवला, आणि ज्या शिष्याचा हात ते रोज संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून धरत, त्याला कवळीमुळं आता स्पष्ट ऐकू येणारी एक सणसणीत शिवी हासडली. तासाभरानं लिफ्टवाले चादरींची बादली घेऊन मोरीत आले आणि तिथंच पाटावर बसले. बादलीकडं बघत म्हणाले, "चौदा महिने, तू..."

काकूंनी त्यांची समजूत घातली नाही. काही नाही हो, असं म्हणणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. त्यांनी साबणाची वडी नवऱ्यापुढं सरकवली, केस विंचरले आणि कामाला निघाल्या. त्या दिवशी त्या वर्कशॉपला वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचल्या. साचेवालीनं घड्याळाकडं आणि मग त्यांच्याकडं बघितलं आणि दोघींनी बसून सावकाश चहा घेतला.

वस्ताद पुढं आठ महिने जगले. लिफ्टवाल्यांचा हात हळूहळू बसला. नंतर तर ते काकूंपेक्षाही सफाईनं चादर बदलायला लागले आणि थोडी फुशारकीही मारायला लागले. वस्तादांची आणि त्यांची रोज सकाळी भांडणं होत, आणि त्या भांडणांत वस्तादांची जीभ बरीच सुटली. संध्याकाळी हात धरून रडणं मात्र बंद झालं. त्याची गरज राहिली नसावी. एका दुपारी, काकू घरात असताना, वस्ताद झोपेतच गेले. काकूंनीच त्यांचं तोंड पुसलं, कवळी काढून धुतली आणि परत बसवली. चेहरा पडलेला बरा दिसला नसता.

घरातलं स्टूल तिथंच खिडकीपाशी आहे. लिफ्टवाले अजून पहाटे बसतात. पण "सांगणं झालं" असं आता ते म्हणत नाहीत. म्हणतात, मला असं वाटतंय, तू विचारून बघ. काकू कधी बसतात, कधी बसत नाहीत. बसल्या तरी पुष्कळ वेळा काहीच येत नाही, आणि तसं त्या सांगून टाकतात. मग दोघं थांबतात. एकदा एका गोष्टीवर अकरा दिवस थांबले. लिफ्टवाल्यांना थांबणं फार जड जातं.

मागच्या वर्षी लिफ्टवाल्यांच्या कामातल्या एका इमारतीच्या रखवालदाराचा पाय मोडला. एकटा माणूस, राहायला जागा नाही. लिफ्टवाले घरी आले ते त्याच विचारात. आतली खोली रिकामी होती, लेक सुट्टीपुरतीच यायची. जेवताना त्यांनी विषय काढला, आणि मग घाईघाईनं म्हणाले, "मी काही ठरवलेलं नाही. तू विचारून बघ."

काकू दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "मला काही आलेलं नाही. हो पण नाही, नको पण नाही. पण मी दमलेय. मला नकोय. हे माझं आहे, देवाचं म्हणून सांगणार नाही."

त्या मनातून धास्तावल्या होत्या. देवाचं नाव घेतलं असतं तर बोलणं तिथंच मिटलं असतं, हे त्यांना माहीत होतं. लिफ्टवाल्यांनी कपातला चहा संपवला.

"चालेल," ते म्हणाले.

रखवालदाराची सोय त्यांनी दवाखान्याशेजारच्या एका आश्रमात केली. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते स्वतः तिथं जातात, त्याचं अंग पुसून देतात, नखं कापतात आणि दुपारी परत येतात. काकू बहुतेक वेळा सोबत जात नाहीत. त्या सकाळी त्या उशिरापर्यंत झोपतात.